अर्थिंगच्या खड्ड्याचं पाणी

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, बर्फाच्या कारखान्याला लागून, एका शिक्षण संस्थेने कॉम्प्युटरचा वर्ग काढला आणि तिथं शिकवायची नोकरी माझ्या ताईला मिळाली. आमच्या घरात तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे काय ते कुणालाच माहीत नव्हतं. नोकरी म्हणजे काय ते मात्र सगळ्यांना माहीत होतं. बाबांची मुंबईतली गिरणी बंद पडली होती आणि ते रत्नागिरीच्या भाड्याच्या दोन खोल्यांत दिवसभर भिंतीला पाठ लावून बसलेले असत. आमचं गाव मंडणगडाकडचं. तिथं एवढीशी जमीन, तीही वरकस, नाचणीपलीकडे काही न पिकणारी. परत जाण्यासारखं काही नव्हतं.

ताई बी.एस्सी. झाली, मुंबईत मामाच्या खोलीत दाटीवाटीने राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि परत आली. मुंबईहून परत येणारं माणूस आमच्या जिल्ह्यात म्हातारं असतं, नाहीतर आजारी. ही ऐन पंचविशीत धडधाकट परत आली, म्हणून शेजारीपाजारी विचारायचे, "काय झालं गो? काढलं काय?" ती म्हणायची, "नाही. मला इथंच राहायचंय." हे उत्तर कुणालाच पटायचं नाही. मला पटायचं. मी त्या वेळी कॉलेजात जेमतेम पास होत होतो आणि उरलेला वेळ आमच्या युवक संघटनेची पत्रकं लिहीत होतो. सायक्लोस्टाईलच्या शाईने बोटं कायम काळी. "कोकणातल्या पोरांनी मुंबईत जाऊन भांडी घासायची आणि साहेबांनी कोकणात येऊन आंबे खायचे, हे किती दिवस?" अशी माझी वाक्यं. ताई वाचून म्हणायची, "आंबे राहू देत. पोरांना काम कुठंय ते लिही." मग तिला स्वतःलाच काम मिळालं, आणि तेही इथंच. माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा ते मोठं होतं.

पण संस्थेने तिला घेतलं ते वर्षापुरतं. यंत्रही वर्षापुरतंच आलं होतं. कंपनीची योजना अशी की जिल्ह्याच्या गावी एक कॉम्प्युटर द्यायचा. शैक्षणिक वर्ष सरलं की कंपनीचा इंजिनिअर येऊन तपासणार. सगळं ठाकठीक असलं तर यंत्र संस्थेकडे राहणार, नाहीतर उचलून कोल्हापूरच्या केंद्राला जाणार. कोल्हापूरवाले टपूनच बसले होते. यंत्र राहिलं तर ताई कायम, यंत्र गेलं तर ताई घरी. इतका सरळ हिशेब होता, आणि आमच्या आईलासुद्धा तो पाठ होता. ताई दमून आली की आई तिला आधी विचारायची, "बरा हाय ना गो तो?" जणू जावई आजारी होता.

संस्थेने त्या यंत्राची बडदास्त ठेवली, हे मान्य करतो. खोलीला पडदे लावले, खाली गालिचा घातला, खिडकीत थंड हवेचं यंत्र बसवलं. दाराबाहेर पाटी: 'चपला बाहेर काढाव्यात'. दसऱ्याला झेंडूची माळ घातली आणि उदबत्ती लावली. उदबत्तीची राख फ्लॉपीच्या फटीत जाईल म्हणून ताईने ती हळूच बाजूला सरकवली, तर संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, "बाई, सरस्वती आहे ती. तिच्यासमोरची उदबत्ती हलवू नये." सेक्रेटरी म्हणजे पांढराशुभ्र सदरा, हळू बोलणं, कधी आवाज चढणं नाही. अशा माणसांशी भांडायचं कसं, हे मला कुठल्याच शिबिरात शिकवलं नव्हतं.

धुळीची भीती होती, चपलांची भीती होती. विजेची भीती कुणालाच नव्हती. आणि यंत्राचा खरा वैरी वीजच होती.

शेजारी बर्फाचा कारखाना. मासेमारीचा हंगाम, बंदरातून गाड्यांवर गाड्या बर्फासाठी उभ्या. कारखान्याची मोठी मोटर सुरू झाली की आमच्या वर्गातला दिवा मरगळायचा, पंखा सुस्तावायचा आणि कोपऱ्यातला स्टॅबिलायझर टकटक, टकटक करायचा. ताईने एक सवय लावून घेतली होती. दिवा मंदावला की ती दोन्ही हात कळफलकावरून वर उचलायची, विस्तवावरून उचलावेत तसे, आणि दिवा स्थिर होईपर्यंत तशीच बसायची. तिचं बघून वर्गातल्या मुलीही हात वर करायच्या. बाहेरून कुणी पाहिलं तर वाटावं, यांना बंदूक दाखवलीय कुणीतरी. लाईट पूर्ण गेली तर भिंतीवरचं मेन बटण आधी बंद करायचं, लाईट आली तरी दिवा नीट पेटतोय ना ते पाहायचं, मगच चालू करायचं. गेलेली लाईट परत येते ती नीट चालत येत नाही, धक्का मारत येते, असं ती सांगायची.

आणि झिणझिण्या. यंत्राच्या पत्र्याला हात लागला की बोटांत झिणझिण्या यायच्या. हिवाळा सरला तशा त्या वाढत गेल्या. चपला बाहेर, पायाखाली गालिचा सोडून उघडी फरशी आली की जास्तच. दाभोळकडची एक मुलगी, खाडीवरच्या मासेवाल्यांच्या घरातली, फटकळ तोंडाची, म्हणाली, "बाई, हा चावतो." दुसरी म्हणाली, "चावत नाय, अंगात येतो." सगळ्या हसल्या. ताई हसली नाही. तिने सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, "नवीन वस्तू आहे. हळूहळू माणसाळेल."

मार्चात यंत्र आजाऱ्यासारखं वागायला लागलं. मधेच पडदा गोठायचा. तासाभराचं काम फ्लॉपीवर घ्यावं तर फ्लॉपी वाचताच यायची नाही. ताईने कंपनीला कळवलं, आणि पुण्याहून इंजिनिअर आला. तरुण होता, घाईत होता, चपला काढायला लावल्या म्हणून वैतागलेला होता. त्याने एक मीटर काढला, भिंतीतल्या प्लगात तारा घातल्या, आकडा पाहिला आणि म्हणाला, "तुमच्याकडे अर्थिंगच नाही."

सेक्रेटरी म्हणाले, "आहे की. मागे खड्डा आहे. तुमच्याच माणसाने तपासून पास केलाय."

"केव्हा?"

"बसवताना. ऑगस्टमध्ये."

इंजिनिअर मागच्या बाजूला गेला. ताई गेली, मीही गेलो. मी त्या दिवशी ताईचा डबा द्यायला आलो होतो. भिंतीला लागून एक पाईप जमिनीतून वर आलेला, त्याला वर नरसाळं जोडलेलं. खाली खड्डा, त्यात कोळसा आणि खडे मीठ भरलेलं. त्याने नरसाळ्यात काडी घातली. कोरडी ठाक. आजूबाजूला जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा कातळ, उन्हाने तापलेला, मार्चातच पाय पोळवणारा.

ऑगस्टात खड्डा खणायचा नि ऑगस्टातच तो तपासायचा, ही चूक आमच्याकडचीच. पावसाळ्यात हा सडा कापडासारखा भिजलेला असतो, कुठंही पहार घाला, पाणी लागतं. दिवाळीनंतर तोच दगड होतो. आमची जमीन वर्षातून दोन जमिनी असते, आणि आम्ही इथं जन्मलेली माणसं पहिली पाहून दुसरीचा भरवसा धरतो. इंजिनिअरने ताईला समजावलं ते मला आजही आठवतं. जास्तीची वीज आली तर तिला जायला वाट लागते. ती वाट म्हणजे हा खड्डा. ओली जमीन वीज पिऊन टाकते, कोरडा दगड पीत नाही. मग ती वीज यंत्राच्या पत्र्यावर बसून राहते, तुमच्या मुलींच्या बोटांत शिरते, आणि एखाद्या दिवशी यंत्रच जाळते.

"उपाय?" ताईने विचारलं.

"खालच्या उतारावर, ओल लागेल तिथं, खोल दुसरा खड्डा घ्या. तोवर ह्याच्यात रोज पाणी ओता. सकाळ-संध्याकाळ. कसलंही पाणी चालतं. मी मे अखेरीस वर्षाच्या तपासणीला येतो. आकडा असाच असला तर मला तसं लिहून द्यावं लागेल."

तो गेला. सेक्रेटरी म्हणाले, खड्ड्याचं पुढच्या वर्षी पाहू, यंदा खोलीवर बराच खर्च झालाय. पडदे, गालिचा आणि थंड हवा यांच्यात वर्ष संपलं होतं. मग राहिलं पाणी, आणि पाणी ओतणार कोण, तर ताई.

आता पाण्याचं सांगतो. वसाहतीला उन्हाळ्यात टँकर येत असे. संस्थेच्या मागे सिमेंटची टाकी होती, ती टँकरने भरत. त्या टाकीपासून हाकेच्या अंतरावर एक वाडी. आमच्याच समाजाची, छप्पन सालानंतर बुद्धाकडे वळलेली माणसं. वाडीच्या विहिरीचा तळ मार्चातच दिसायचा. बायका संस्थेच्या टाकीशी यायच्या. वॉचमन म्हणायचा, ऑर्डर नाही. त्या हंडे घेऊन परत जायच्या. आणि त्याच टाकीतून बादली भरून माझी ताई भिंतीमागे जायची आणि ती बादली जमिनीत ओतायची.

पाण्यावरचं बोलणं आमच्या घरात साधं नसतं. आजोबांच्या पिढीने कुठल्या पाण्याला हात लावायचा नाही, ते मला लहानपणापासून सांगितलेलं आहे. त्यामुळे त्या वर्षी आमच्या संघटनेने मिरजोळ्याच्या वाडीसाठी हंडा मोर्चा काढायचं ठरवलं, तेव्हा पत्रक मीच मागून घेतलं. वाडीत बैठक झाली. एक काकी होती, नवरा मुंबईला गोदीत, चार पोरं पदरात. तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. मी कारखान्यांच्या पाण्यावर बोलत होतो. ती म्हणाली, "कारखान्याचं राहू दे रे. तुजी भैन रोज पाणी मातीत ओतते, ते आधी लिव."

बायका हसल्या. दुसरी म्हणाली, "मातीत न्हाय गो, तिची म्हस हाय तिथं. जमिनीखाली बांधलेली."

"दूध काय देते?"

"पगार देते!"

 रात्री मी ते घरी ताईला सांगितलं. ती भाकरी मोडत होती.

"मग? लिहिणार तू?"

"तुझं नाव नाही लिहिणार."

"नावाचं कोण विचारतंय? दोन बादल्या ओतते मी. सेक्रेटरीने दारात लावलेल्या गुलाबांना किती जातं ते मोजलंस? बर्फाच्या कारखान्यात किती जातं?"

"तेही लिहिणार आहे."

"पण बायकांना दिसते ती माझी बादली."

"दिसणारच. तू बाई आहेस, आपल्यातली आहेस, आणि हातात बादली आहे. पाईपातून जातं ते कुणाला दिसत नाही."

"एवढं कळतंय तर मोर्चा टाकीवर का नेतोस?"

"मग कुठं नेऊ? टाकी तिथंच आहे."

आईने मधे पडून दोघांना गप्प केलं. बाबा भिंतीकडे बघत राहिले. मी पत्रक लिहिलं: 'माणसं तहानलेली आणि टाक्या भरलेल्या.' आजही त्यातला शब्द मी मागे घेत नाही. हंडे घेऊन बायका टाकीवर गेल्या, तिथून उन्हातून कलेक्टर कचेरीपर्यंत चालत गेल्या आणि दुपारभर तिथंच बसून राहिल्या. कधी नव्हे ते काहीतरी झालं. वाडीला एक दिवसाआड टँकर मिळाला, आणि वसाहतीला लेखी ताकीद गेली की टँकरचं पाणी पिण्याखेरीज वापरू नये. बर्फाच्या कारखान्याने स्वतःचा टँकर आणला. गुलाबांना विहिरीचं पाणी आलं, ते कुठल्या विहिरीचं ते विचारू नका. संस्थेच्या टाकीला कुलूप लागलं, आणि ज्याचं पाणी खरोखर तुटलं असं एकच ठिकाण उरलं: ताईचा खड्डा. ताकद असलेला माणूस ताकीद वाचतो आणि दुसरा रस्ता काढतो. ताईला दुसरा रस्ता नव्हता.

तिने घरून पाणी न्यायला सुरुवात केली. आमच्याकडे नळ सकाळी थोडा वेळ यायचा. आंघोळीचं, तांदूळ धुतल्याचं, कपडे पिळलेलं पाणी ती एका प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवायची आणि एस.टी.ने मिरजोळ्याला न्यायची. कंडक्टर विचारायचा, "काय बाई, रॉकेल काय?" ती म्हणायची, "पाणी." तो म्हणायचा, "रत्नागिरीतून मिरजोळ्याला पाणी? तिथं काय शेत लावलंय?" एक कॅन पुरत नव्हता. सडा घोटात पिऊन टाकायचा. झिणझिण्या कमी व्हायच्या, दुपारी परत यायच्या.

मग एक दिवस ती काकी भिंतीपाशी आली. ताई नरसाळ्यात कॅन रिकामा करत होती.

"काय गो बाय, टाकी बंद झाली म्हणून घरून आणतंस?"

"हो."

"रागावलीस आमच्यावर?"

"नाही."

"खोटं बोलू नको. रागावलीसच." काकीने खाली वाकून नरसाळ्यातून पाणी आत जाताना पाहिलं. "ह्येला गोडंच पाणी लागतं, की भांड्याचं चालंल?"

"कसलंही चालतं. खारट असलं तर अजून बरं."

"मंग सांगायचं न्हायस मेले? माझ्या घरात चार पोरांची भांडी रोज घासायची. खरकटं पाणी रोज अंगणात जातं. कोपऱ्यावर उभी ऱ्हा, देतंय आणून."

त्या दिवसापासून वाडीतून पाणी यायला लागलं. मच्छी धुतलेलं, भांडी घासलेलं, कपड्यांचं. पहिल्यांदा काकी एकटी, मग तीन-चार जणी. रस्ता ओलांडायचा, नरसाळ्यात ओतायचं, परत. "म्हशीला पाणी पाजलं गो," असं रस्त्यावरून ओरडून सांगायच्या. ताई खिडकीतून हात करायची. मोर्चाच्या वेळी ज्या बायका तिच्यावर हसल्या त्याच आता तिचं यंत्र सांभाळत होत्या, आणि एका थेंबानेही कुणाचं पिण्याचं पाणी कमी होत नव्हतं. दाभोळच्या मुलीने एक दिवस पत्र्यावर अख्खा तळवा ठेवला आणि म्हणाली, "बाई, मेला गप झाला." पडदा गोठायचा थांबला. फ्लॉप्या वाचता यायला लागल्या. ताई घरी येऊन भराभरा जेवायला लागली. आईने विचारायच्या आधीच सांगायची, "बराय."

मे लागला. तपासणी जवळ आली म्हणून सेक्रेटरी इमारतीभोवती फेरी मारायला आले, आणि त्यांनी काकीला नरसाळ्यात पाणी ओतताना पाहिलं.

त्यांनी तिला काही म्हटलं नाही. ते कधीच काही म्हणत नसत. त्यांनी ताईला बोलावून विचारलं, "ही कुठली बाई? कसलं पाणी आहे हे?" ताईने सगळं खरं सांगितलं. इंजिनिअरचं, खड्ड्याचं, झिणझिण्यांचं, वाडीचं. ते म्हणाले, "हे योग्य नाही. खरकटं पाणी, मच्छीचं पाणी, वास येतो. आत आपण पावित्र्य राखतो आणि मागे हे. स्वच्छतेचा प्रश्न आहे." ताई म्हणाली, "सर, वास मी फिनेल टाकून घालवते. पण पाणी थांबवू नका." ते म्हणाले, "बघू."

लोक मला म्हणतात, तू प्रत्येक गोष्टीत जात शोधतोस. मी शोधत नाही. स्वच्छतेचाच प्रश्न होता तर दोन बादल्या स्वच्छ पाणी टाकीतून द्यायचं होतं. ते दिलं नाही. दोन दिवसांनी ताई सकाळी गेली तर भिंतीमागे गवंडी काम आटपून हात धूत होता. पाईप जमिनीलगत कापलेला. खड्ड्यावर सिमेंटचा गुळगुळीत ओटा, कडेला लाल गेरूची रेघ. तपासणीला पाहुणे येणार म्हणून मागची बाजू छान दिसावी, असं गवंड्याला सांगितलेलं. वीज जायची वाट सिमेंटने बुजवली आणि तिला रांगोळीसारखी रेघ मारली. काकी हंडा घेऊन आली, ओट्याकडे बघत उभी राहिली, पाणी रस्त्यावर ओतून परत गेली.  

ताईने संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा मी उठलोच. म्हटलं, उद्या मी येतो. ती म्हणाली, "तू बोलायचं नाहीस. मी बोलते. तू नुसता बाहेर बस." म्हणून दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. एका बाजूला सेक्रेटरींची खोली, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटरचा वर्ग. वर्गात यंत्र चालू होतं, संस्थेच्याच सभासदांची यादी प्रिंटरवर छापली जात होती, करकर करकर. संस्थेचा नियम होता, ताई बाहेर असली की खोलीला कुलूप. कुलूप लावून किल्ली मुठीत धरून ती आत सेक्रेटरींकडे गेली होती.

दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"सर, ओटा फोडावा लागेल. निदान पाईपला वाट ठेवायला हवी."

"बाई, नवा ओटा आहे. लगेच फोडला तर लोक काय म्हणतील?"

"इंजिनिअर आकडा घेतील. नापास होईल."

"चार दिवस काही होत नाही. आणि मला तुमच्याशी त्या वाडीच्या बायकांबद्दलही बोलायचंय. संस्थेच्या आवारात कोण येतं, याची जबाबदारी तुमची आहे. तुम्हाला कायम करायचा विचार समितीपुढे येणार आहे, तेव्हा..."

एवढ्यात लाईट गेली. प्रिंटरची करकर मधेच तुटली. पंखा थांबत आला.

ताईचा आवाज आला, "सर, मी जाऊन मेन बंद करून येते."

"बसा. लाईट काय जातेच रोज. बोलणं पूर्ण होऊ दे."

"सर, एक मिनिट. यंत्र चालू राहिलंय."

"बाई, मी बोलतोय."

ती बसली. मी ते बघितलं दारातून. खुर्चीच्या अगदी कडेला, किल्ली मुठीत, मान वर्गाच्या दिशेने वळलेली. कायम होण्याचं नाव त्यांनी नुकतंच काढलं होतं. त्या माणसापुढून उठून जाणं म्हणजे तेही हातचं घालवणं. मी बाकावरून उठलो, दारात गेलो, म्हटलं, "ताई, किल्ली." सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे कोण?"

तेवढ्यात लाईट आली. व्हरांड्यातला दिवा आधी पिवळा, मग पांढरा, इतका पांढरा की बघवेना, आणि फट्. वर्गातून स्टॅबिलायझरची एकच टक, आणि मग जळक्या प्लास्टिकचा वास. ताई धावली. तिच्या हातातली किल्ली घेऊन कुलूप मी उघडलं. आत यंत्राच्या पाठीमागून निळसर धूर निघत होता. तिने मेन बंद केलं. चपला घालून आत गेलो होतो आम्ही दोघंही, गालिच्यावर. सेक्रेटरींनी दारातून तेवढंच पाहिलं आणि म्हणाले, "चपला."

इंजिनिअर ठरल्याप्रमाणे आला. यंत्र उघडलं, आतली सर्किटची पाटी काळी झालेली दाखवली. मीटर लावला, मागे गेला, ओटा पाहिला आणि सुस्कारा टाकला. "हे कुणी केलं?"  त्याने लिहिलं की अर्थिंग नाही, यंत्र या जागी ठेवण्यायोग्य नाही. संस्थेच्या समितीने त्याच्याखाली स्वतःचं लिहिलं: पुरवठा खंडित झाला असता शिक्षिकेने यंत्र बंद केलं नाही. हे वाक्य खरं आहे. पत्रकं लिहून मला एवढं कळलंय की खऱ्या वाक्याने जेवढं खोटं बोलता येतं तेवढं खोट्याने येत नाही.

यंत्र दुरुस्तीला गेलं आणि तिथूनच कोल्हापूरला. मी लगेच पत्रक लिहायला बसलो. मथळा तयार होता, सेक्रेटरींचं नाव तयार होतं. ताईने माझ्या हातातला कागद काढून घेतला, फाडला नाही, घडी करून परत दिला.

"माझ्यावर पत्रक काढायचं नाही."

"का? अन्याय झालाय."

"झालाय. पण मी मुंबईला नोकरी बघणार. तिथं कुणी रत्नागिरीला विचारलं तर तुझं पत्रक पुढे येईल. भांडखोर भावाची बहीण कुणाला नको असते."

"म्हणजे गप्प बसायचं?"

"तू बस नाहीतर बोल. माझ्या नावावर नको."

"काकी विचारत होती तुला."

"तिला सांग, पाण्याबद्दल मी तिची आभारी आहे," ती म्हणाली, आणि मग एकदम, "नको. मीच जाऊन सांगते." गेलीही. काय बोलल्या दोघी ते मला कधी कळलं नाही. ती उशिरा परत आली, डोळे सुजलेले, पदराला मच्छीचा वास.

जूनमध्ये ती मामाच्या खोलीत परत गेली. बाबा स्टँडवर आले नाहीत. आता ती फोर्टात एका कंपनीत टायपिस्ट आहे. तिथं कॉम्प्युटरच्या खोलीत बरीच यंत्रं आहेत, आणि वीज सांभाळायला वेगळी खोली, बॅटऱ्यांची रांग, दोन माणसं. ती मला सुट्टीत आली तेव्हा सांगत होती, किती व्यवस्थित आहे सगळं. मी विचारलं, "तू चालवतेस?"

"नाही," ती म्हणाली. "कॉम्प्युटरच्या खोलीत आम्हाला सोडत नाहीत. अनुभव दाखवायला लागतो, आणि अनुभवाच्या दाखल्यावर संस्थेने लिहिलंय तेवढंच आहे, यंत्र बंद केलं नाही."

हे लिहू का, असं मी या वेळी तिला विचारलं. नाव कुणाचंच टाकू नकोस, एवढंच ती म्हणाली, म्हणून टाकलेलं नाही. वर्ग बंद आहे. वाडीला टँकर अजून एक दिवसाआडच येतो, आणि ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी बायका हंडे घेऊन माझ्याकडे येतात.